सहा बल्ल्या आणि लेफ्ट आउट देवीलाल

फुलसावंगीच्या शाळेत मी एकोणीसशे एकोणसाठ साली रुजू झालो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात गावातल्या निरनिराळ्या लोकांनी मला एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, तुमी देवीलालले पाह्यलं काय?" हा देवीलाल कोण ते मला ठाऊक नव्हतं. पैलवान असेल, पुढारी असेल, नाहीतर कुणी फरारी असेल असं मला वाटलं. शेवटी सायकल दुरुस्तीच्या दुकानात हाफिजनं खुलासा केला.

"आपल्या तांड्यातला हाये. नागपूरच्या मिलमध्ये नोकरी करते. पण काम नाई करत."

"मग काय करतो?"

"खेळते. फुटबॉल. मिलवाले त्याले त्याचीच पगार देते." हाफिजनं हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली. बुडबुडे कुठून येतात ते पाहत तो पुढं म्हणाला, "खेळाची पगार! दुनियेत असं नशीब कोणाचं असते का, गुरुजी?"

तांडा गावापासून हाकेच्या अंतरावर, नाल्यापलीकडं होता. देवीलाल राठोडचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालायचे. बाप मात्र एका जागी टिकला. त्यानं जमीन कसली, बैल पाळले आणि देवीलाल मिसरूड फुटण्याच्या वयाचा असतानाच तापानं गेला. मागं राहिली आई, बिजलीबाई. ठेंगणी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, अंगात आरशांची कांचळी, आणि आवाज असा की नाल्याच्या अलीकडं गावातली कुत्रीही कान टवकारत.

छप्पन्न साली देवीलाल चुलतभावाबरोबर नागपूरला गेला आणि एका कापड मिलमध्ये कापसाच्या गाठी उचलायला लागला. मिलच्या मागं एक मैदान होतं, तिथं मिलची फुटबॉल टीम सराव करायची. एक दिवस बाजाराला चाललेला एक मोठा गोऱ्हा दोरी तोडून त्या मैदानात शिरला. त्यानं शिंगं खाली केली आणि अकराच्या अकरा खेळाडू जाळीमागं पळाले. देवीलाल गाठींच्या ढिगावर बसून भाकर खात होता. त्यानं भाकर बाजूला ठेवली, उडी मारून मैदानात उतरला आणि गोऱ्ह्यासमोर उभा राहिला. गोऱ्हा डावीकडं आला तर हा उजवीकडं, तो उजवीकडं वळला तर हा डावीकडं. हात न लावता, नुसत्या अंगाच्या हुलकावण्या देत त्यानं त्याला फाटकापर्यंत नेलं आणि बाहेर काढलं.

टीमचा कॅप्टन होता बशीर. मोमिनपुऱ्यातला, विणकरांच्या घरातला, छातीनं रुंद आणि बोलायला थोडका. तो जाळीमागून आला आणि त्यानं विचारलं, "बॉलला कधी लात मारली का?"

"नाई जी."

"उद्यापासून मारायची."

अशी त्याची नोकरी बदलली. बूट घालून त्याला चालताही येईना. पहिला पावसाळाभर तो मॅच संपली की बूट गळ्यात अडकवून अनवाणी बराकीत जायचा. पण दुसऱ्या वर्षापासून नागपुरात लोक लेफ्ट आउटला, म्हणजे डाव्या कडेला खेळणाऱ्या देवीलालला पाहायला मैदानाच्या डाव्या बाजूला गर्दी करू लागले. हाफ टाइमनंतर बाजू बदलली की ती गर्दीही चालत पलीकडं जायची. जबलपूर, हैदराबाद, एकदा तर कलकत्त्यापर्यंत तो मिलच्या खर्चानं जाऊन आला.

बिजलीबाईनं एकदाच नागपूरला जाऊन पोराची मॅच पाहिली. परत आल्यावर तांड्यात सगळ्यांनी विचारलं, कसं काय खेळते? ती म्हणाली, "खेळते चांगला. पण येडा हाये. एवढी मेहनत करून बॉल आणते आन् मंग दुसऱ्याले देऊन टाकते."

दर वर्षी होळीला मात्र देवीलाल कुठंही असला तरी तांड्यावर यायचाच. होळी हा तांड्याचा सगळ्यात मोठा सण. रात्ररात्र डफ वाजतो, बाया आणि पुरुष समोरासमोर उभे राहून गाण्यातून एकमेकांची टिंगल करतात. देवीलालनं या सणात आणखी एक गोष्ट घुसवली. धुळवडीला तांडा विरुद्ध गाव अशी फुटबॉलची मॅच. तांड्याच्या बाजूनं तो स्वतः. गावाच्या बाजूनं हाफिज, तेल्याचे दोन भाऊ, चक्कीवाला आणि जो सापडेल तो. मी आल्यापासून शिट्टी माझ्या गळ्यात आली. शहरातून आलेल्या मास्तराला नियम ठाऊक असणारच, असा सगळ्यांचा समज होता. मी नियम हाफिजकडून शिकलो.

गोल म्हणजे दोन धोंडे. त्यावरूनच साठ सालच्या होळीला घोटाळा झाला. बॉल गोलकीपरच्या डोक्यावरून गेला. तांडा म्हणाला गोल, गाव म्हणालं वरून गेला. मी शिट्टी वाजवली खरी, पण ती कशाची वाजवली ते मलाच कळेना. बाचाबाची झाली, कुणाचं तरी धोतर फाटलं, आणि त्या दिवसापासून तांड्याच्या बायांनी गावच्या चक्कीवर दळण टाकणं बंद केलं. त्या दळण घेऊन कोसभर चालत दुसऱ्या गावाला जायच्या. चक्कीवाला दारात बसून त्यांना जाताना पाहायचा. पावसाळा आला तरी हे चालूच होतं.

पुढच्या वर्षी देवीलाल होळीच्या चार दिवस आधीच आला तो एक निश्चय करून.

"गुरुजी, यंदा गोलपोस्ट उभे करतो. दोन उभे, एक आडवा. दोन्हीकडं. मंग बॉल आत गेला का वरतून गेला, ते आंधळाही सांगन."

"लाकूड कुठलं आणणार?"

"जंगल हाये ना."

मी त्याला सांगितलं की ते राखीव जंगल आहे, वनखात्याकडे अर्ज केला तर शिक्का मारलेल्या बल्ल्या, म्हणजे सरळ वासे, मिळतात, पण त्याला वेळ लागेल, होळी होऊन जाईल.

तो हसला. त्याचं हसणं असं होतं की समोरच्याला आपणच काहीतरी विनोद केलाय असं वाटे. "होळीनंतर गोलपोस्ट म्हणजे लगन झाल्यावर मांडव, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो आणि हाफिज बैलगाडी घेऊन गेले आणि सागाच्या सहा सरळसोट बल्ल्या घेऊन आले. साल काढली, चुना फासला आणि नाल्याकाठच्या मोकळ्या रानात दोन्हीकडं गोलपोस्ट उभे केले. धुळवडीच्या सकाळी उन्हात ते असे पांढरेशुभ्र चमकत होते की गावातली म्हातारी माणसं नुसती ते पाहायला आली.

मॅचच्या वेळी गावाकडं एक गडी कमी पडला. गोलकीपर तेली आदल्या रात्रीच्या भांगेतून उठलाच नव्हता. तेवढ्यात नाल्याच्या वाटेनं सायकलवरून शंकरसिंग नाकेदार येताना दिसला. नाकेदार म्हणजे जंगलाचा राखणदार, खाकी कपड्यातला. हा उंच, शिडशिडीत, नवीनच बदलून आलेला. होळीचा बंदोबस्त पाहत फिरत होता. हाफिजनं त्याची सायकलच धरली.

"साहेब, गोल राखता काय?"

"मी शाळेत असताना राखत होतो," नाकेदार म्हणाला. त्यानं टोपी मागं सरकवली. "पण ड्युटीवर हावो."

"ड्युटी राखायचीच हाये ना साहेब? हे बी राखा."

मी देवीलालकडं पाहिलं. तो माझ्याकडं पाहून डोळे मिचकावत होता.

तशी मॅच मी पुन्हा पाहिली नाही. देवीलाल डाव्या बाजूनं वाऱ्यासारखा यायचा आणि शंकरसिंग झेप घ्यायचा. एकदा तर बॉल वरच्या कोपऱ्यात चालला होता, नाकेदारानं नुसत्या बोटांनी तो बाहेर ढकलला. देवीलालनं डोक्याला हात लावला आणि मग जागेवर उभा राहून टाळ्या वाजवल्या. दोन-दोन गोल झाले. एकाही गोलावरून भांडण झालं नाही. आत गेला तो आत, वरून गेला तो वरून. शेवटच्या शिट्टीला चक्कीवाला तांड्याच्या पोरांना गुलाल लावत होता आणि धनीबाई नावाची तांड्यातली एक म्हातारी त्याला ओरडून सांगत होती, "उद्या दयन घेऊन येतो बरं!"

गावातल्या पोरांनी नाकेदाराला खांद्यावर उचललं. नाचत नाचत ते त्याला त्याच्या गोलाकडं घेऊन गेले. खांद्यावर बसल्यामुळं त्याचं तोंड बरोबर आडव्या बल्लीजवळ आलं. बॉल लागून लागून तिथला चुना उडाला होता. नाकेदारानं सहज हात लावला. मग नखानं खरवडलं. मग वास घेतला. त्याचं हसणं हळूहळू मावळलं.

"मले खाली उतरवा," तो म्हणाला.

डफ थांबला. तो देवीलालजवळ आला. रागात नव्हता, उलट रडवेला दिसत होता. "ओला साग हाये हा. शिक्का नाई, काई नाई. देवीलाल, आज मले हे दिसाले नाई पाह्यजे होतं."

"मंग नका पाहू, साहेब."

"पाह्यलं ना आता."

त्यानं सांगितलं की बल्ल्या उपटून नाक्यावर जमा कराव्या लागतील. कुणी हललं नाही, तेव्हा तो स्वतःच पहिला खांब हलवायला लागला. आणि इथंच खरी गंमत झाली. तांड्याच्या होळीत एक खेळ असतो. मधोमध खुंटा रोवतात, त्याला गोडाधोडाचं गाठोडं बांधतात. बाया हातात काठ्या घेऊन भोवती उभ्या राहतात आणि पुरुषांनी तो खुंटा उपटायचा. जो जवळ जाईल त्याच्या पोटऱ्यांवर काठ्यांचा प्रसाद. बाया त्या खेळाच्या तयारीनंच आल्या होत्या. खाकीतला एक पुरुष खुंटा उपटतोय एवढंच त्यांना दिसलं. बिजलीबाईनं आरोळी ठोकली आणि दोन्ही गोलांभोवती घागऱ्यांचं रिंगण पडलं. शंकरसिंग एकीकडून गेला, काठी बसली. दुसरीकडून गेला, दोन बसल्या. टोपी उडाली. तो स्वतःही एकदा हसला, मी पाहिलं. देवीलाल तर पोट धरून जमिनीवर बसला होता.

पण दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांवरचे वळ वरच्या साहेबाला दिसले, आणि हसण्याची गोष्ट गुन्ह्याची झाली. राखीव जंगलातली तोड आणि सरकारी कामात अडथळा. जमादार तांड्यावर आला आणि काठ्या कुणाकुणाच्या हातात होत्या ते विचारू लागला. बायांची नावं लागणार, त्यांना पुसदच्या कोर्टात उभं राहावं लागणार, हे दिसत होतं.

देवीलाल पुढं झाला. "त्याइले मीच सांगतलं होतं. त्याइच्याकडं काई नाई. लाकडं बी मीच तोडली. एकट्यानं."

हाफिज त्याला बाजूला घेऊन गेला. मी जवळच होतो. "पागल झाला काय? मिलवाले सजा झालेला माणूस ठेवत नाई. एका रंगारी मास्तरले काढलं होतं त्याइनं, तूच सांगतलं होतं मले!"

"सांगतलं होतं."

"मंग?"

"मंग याडीले कोर्टात उभी करू काय?" याडी म्हणजे आई. "आन् तुह्या घरवालीचे, सुग्राबीचे, दिवस भरून राह्यले. तू चूप राह्य."

बिजलीबाईला हे कळलं तेव्हा ती त्याच्यावरच उखडली. "तू मले सांगतलं? तू? मी तुह्या बापाचं ऐकलं नाई कधी!"

कोर्टात मला साक्षीला बोलावलं. सरकारी वकिलांनी विचारलं, गोलपोस्ट सागाचे होते हे तुम्हाला माहीत होतं का? मी सांगितलं, होतं, आणि अर्ज करायचा सल्लाही दिला होता. मी हे बोलत असताना देवीलालनं मान हलवून मला धीर दिला. मॅजिस्ट्रेटसाहेब वयस्कर होते. त्यांनी देवीलालला विचारलं, "केल्याचा पश्चात्ताप आहे का?"

देवीलालनं थोडा विचार केला. "झाडं तोडल्याचा हाये, साहेब. पोसायला लय वर्षं लागते त्याइले. पण मॅच मातर चांगली झाली."

तेवढ्यात मागून हाफिज उभा राहिला आणि ओरडला, "साहेब, कुऱ्हाड माही होती! मी बी होतो!" शिपायानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. पिंपळाखाली तो पाय आपटत बसला. आपल्याला कुणी आरोपी मानत नाही, याचंच त्याला दुःख झालं होतं.

शिक्षा झाली चार महिन्यांची. देवीलालला यवतमाळच्या तुरुंगात नेलं.

वैशाखात बशीर त्याला भेटायला गेला. मिलच्या टीमचा कॅप्टन नागपूरहून एसटीनं धूळ खात आला तो एवढंच सांगायला, की मिलच्या पटावरून नाव कमी झालं. मॅनेजरला वाईट वाटलं, पण कायदा म्हणजे कायदा. पुढं देवीलालनंच मला ते सांगितलं. "बशीरभाई बोलून गेले आन् मी बराकीत आलो, गुरुजी. तोवर मले वाटत होतं का मी हसतच राहीन. पण त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून असा रडलो, असा रडलो, का शेजारच्यानं विचारलं, कोण गेलं? म्हटलं, लेफ्ट आउट गेला."

त्या शेजाऱ्याला लेफ्ट आउट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ते समजावण्यासाठी देवीलालनं चिंध्यांचा बॉल बांधला. मग तो बॉल कैद्यांमध्ये हिंडू लागला. जेलरसाहेबांनी रविवारची परवानगी दिली आणि आवारात खेळ सुरू झाला. हाफिज दर पंधरा दिवसांनी भेटायला जायचा आणि परत येऊन आम्हाला जेलमधल्या मॅचचं वर्णन असं ऐकवायचा की जसं काही तो स्वतः आत खेळून आलाय. सुग्राबीला मुलगी झाली, हलीमा. तिच्या नावाचे बत्तासे त्यानं बराकीत वाटायला नेले होते.

सुटून आला तेव्हा ज्वारी गुडघ्याला आली होती. बिजलीबाईनं त्याला दारात उभं करून पाणी ओवाळलं आणि म्हणाली, "दुबळा झाला. खाय." चार दिवसांनी तो नागपूरला निघाला. मिलच्या बराकीतलं सामान आणायचं होतं. मी विचारलं, सोबत येऊ का? तो म्हणाला, "नाई गुरुजी. हे एकट्यानं केलेलं बरं."

नागपुरात त्या दिवशी मिलची मॅच होती. पाच वर्षं तो ज्या मैदानात आतून शिरायचा, तिथं तो लोकांच्या गर्दीत बांबूच्या कठड्याला टेकून उभा राहिला. मैदानाची डावी बाजू निवडली, पाय आपोआपच तिकडं गेले. त्याच्या जागी प्रेमसिंग नावाचा नवा खेळाडू आला होता. चपळ होता, पण घाबरत होता. बॉल आला की रेषेला चिकटून पळायचा आणि अडायचा. देवीलालचे पाय शिवशिवत होते, छातीत दुखत होतं. घरी निघून जावं असं त्याला वाटलं. पण मग बॉल पुन्हा त्या बाजूला आला आणि तो स्वतःलाही न विचारता ओरडला, "आत काप बे! आत!"

प्रेमसिंगनं ऐकलं. तो आत वळला, बचावाला असलेला बॅक चुकला, गोलकीपर फसला. गोल.

शेजारी उभ्या असलेल्या एका धोतरवाल्यानं देवीलालच्या पाठीत थाप मारली. "भाऊ, तुमाले लय समजते फुटबॉलमधलं! कुठं खेळले होते काय?"

"त्या वेळी मले असं हसू आलं," देवीलाल पुढं मला म्हणाला, "का थांबेच ना. छातीतलं दुखणं कुठं गेलं तेच समजलं नाई. खेळ माह्यापासून कोणी काढला नव्हता, गुरुजी. मिलनं फक्त मिल काढली होती."

तो ट्रंक घेऊन फुलसावंगीला आला, बापाची जमीन कसायला लागला आणि हाफिजच्या डोक्यातून एक नवीनच खूळ निघालं. आसपास रोज कुठल्या ना कुठल्या गावाचा बाजार असतो. बाजारात माणसं जमलेलीच असतात. मग तिथं मॅच का नको? हाफिज सायकलच्या मागं बॉल बांधायचा, पंक्चरचं सामान जवळ असायचंच. ब्लॅडर फुटला तर जागच्या जागी ठिगळ. देवीलाल दोन्ही बाजूंना खेळायचा, अर्धा वेळ इकडून, अर्धा वेळ तिकडून, म्हणजे कुणाची तक्रार नको. कुणी ज्वारी द्यायचं, कुणी काकड्या, एका गावानं बकरी दिली. ती बकरी बॉलच्या मागं पळायची आणि दोनदा मॅच थांबवावी लागली. पुढच्या होळीला गोलपोस्टसाठी शंकरसिंग नाकेदारानंच अर्ज लिहून घेतला, स्वतः बल्ल्या निवडल्या आणि त्यांवर शिक्का मारून दिला. मग त्याची केळापूरकडं बदली झाली. जाताना तो बिजलीबाईच्या पाया पडला. तिनं त्याला टाळू कुरवाळून आशीर्वाद दिला आणि वर म्हणाली, "काठी जोरात बसली होती काय रे?"

लग्नाचं मात्र जमेना. डोंगराखालच्या तांड्याचे नाईक, म्हणजे तिथले प्रमुख, फुलचंद चव्हाण. त्यांची मुलगी रुपीबाई. बिजलीबाईनं मागणी घातली. माणसं जमली, गोधड्या अंथरल्या, मलाही नेलं होतं. फुलचंद नाईकांनी मिशीवर हात फिरवला. "पोरगा जेलात जाऊन आला."

"आला," बिजलीबाई म्हणाली. "राह्यला नाई तिथं."

"मिलची नोकरी गेली. आता काय करते?"

आम्ही सगळे एकमेकांकडं पाहू लागलो. शेती म्हणावी तर थोडकी. देवीलाल खाली मान घालून हसू दाबत होता. तेवढ्यात दाराआडून आवाज आला, "बा, मागच्या बाजाराले तुमी त्याची मॅच पाहाले दोन कोस पायी गेलते, ते काहून नाई सांगत? घरी येऊन म्हणे, बैल पाहाले गेलतो!"

फुलचंद नाईकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. माणसं हसायला लागली ती थांबेनात. आणि दाराआडून आणखी एक वाक्य आलं, "आन् लाकडं तोडली म्हणून पोरगी द्यायची नसन, तर आपल्या तांड्यात तरी कोणाचं लगन झालं असतं?"

लग्न बासष्टच्या उन्हाळ्यात झालं. नागपूरहून बशीर आला आणि तांड्याच्या डफावर सगळ्यांपेक्षा वाईट नाचला.

रुपीबाई मॅचला यायची. सुरुवातीला नवऱ्याची भाकर घेऊन, पुढं कडेवर लाली नावाची लेक घेऊन. ती बिजलीबाईसारखी ओरडत नसे. डाव्या बाजूला बाभळीखाली बसून नुसती पाहायची. मला वाटायचं, बिचारी सावलीला बसते.

पासष्ट सालच्या डिसेंबरात मिलची टीम नांदेडला स्पर्धेला चालली होती. बशीर आता खेळत नव्हता, शिकवत होता. त्यानं भाड्याची मोटार महागावहून आत वळवली आणि थेट आमच्या मैदानावर आणून उभी केली. "हाथ-पाँव मोकळे करतो," तो म्हणाला. "एक दोस्तीची मॅच." तासाभरात गाव, तांडा आणि शेजारच्या चार वस्त्यांची माणसं जमली. मोटारीचा ड्रायव्हर टपावर जाऊन बसला. फुलचंद नाईक या वेळी उघडपणे आले.

आम्ही हरणार हे ठरलेलं होतं. त्यांचे बूट, त्यांचे पाय, त्यांचा दम. पण हाफिजनं आपल्या आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ केला, कारण दोनदा तो पडला आणि दोन्ही वेळा बॉल त्याला लागून थांबला. शेवटाला मिलचे दोन, आमचा एक. तेवढ्यात चक्कीवाल्यानं लांबून बॉल मारला आणि देवीलाल डावीकडून सुटला. एकतिसाव्या वर्षीही तो तसाच धावत होता, अंग थोडं तिरकं, मान वर. प्रेमसिंग त्याच्या मागं होता, पोचला नाही. गोलकीपर पुढं आला, देवीलालनं त्याला डावीकडची हूल दिली आणि बॉल अलगद आत ढकलला.

मी शिट्टी वाजवली. गोल.

लोकांनी मैदान भरून टाकलं. ड्रायव्हर टपावरून पडता पडता वाचला. प्रेमसिंगनं देवीलालला मिठी मारली आणि दोघं गडाबडा लोळले. पण बशीर रेषेवर हात वर करून उभा होता. "ऑफसाइड! गुरुजी, साफ ऑफसाइड!"

"कुठून ऑफसाइड, बशीरभाई? बॅक होता मधात!"

"बॅक तुझ्या पाठीमागं होता!"

बॉल मारला तेव्हा देवीलाल बॅकच्या पुढं होता की नव्हता, हे भांडण जेवणापर्यंत चाललं. बिजलीबाईनं बाट्या आणि तिखटजाळ वरण वाढलं, खेळाडूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हे दोघं ताटात बाट्या मांडून एकमेकांना दाखवत होते. ही बाटी तू, ही बाटी बॅक. हाफिजनं मधली बाटी खाल्ली तेव्हा वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मोटार सुरू झाली तरी बशीर खिडकीतून ओरडत होता, "ऑफसाइड!" आणि देवीलाल मोटारीबरोबर धावत ओरडत होता, "गोल!" शेवटी धुळीत मोटार दिसेनाशी झाली.

देवीलाल धापा टाकत परत आला. आम्ही बाभळीखाली बसलो होतो. लाली झोपली होती. त्यानं जमिनीवर बोटानं रेघ मारली आणि रुपीबाईला समजावू लागला, "हे पाह्य, मी इथं. चक्कीवाल्यानं बॉल मारला तवा बॅक इथं..."

रुपीबाईनं लेकीच्या अंगावरची माशी हाकलली.

"ऑफसाइडच होते तुमी," ती म्हणाली. "चांगले दोन हात."

देवीलाल तिच्याकडं पाहत राहिला, मग माझ्याकडं. मी घाईघाईनं शिट्टी खिशात टाकली. आणि तो असा हसायला लागला की लाली दचकून उठली.